खड्डा कोणी खणला? खेळरचना आणि कर्मविचार

फळ्यांवरून उड्या मारत, खड्डे चुकवत पुढे जायचा प्लॅटफॉर्मर खेळ रचणारे मूल एका छोट्या जगाचे नियम ठरवते. २००७ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रामिंग साधनामध्ये गुरुत्वाकर्षणही त्यालाच घडवावे लागते: दर आवर्तनाला उभा वेग थोडा घटवायचा, फळीला स्पर्श होताच शून्य करायचा. मग खड्डे कुठे ठेवायचे? खड्डा म्हणजे या जगातले दुःख, आणि निर्मात्याने ते का ठेवावे हा धर्मचिंतनातला जुना प्रश्न आहे. सृष्टीत दुःख असेल तर निर्माता पक्षपाती आणि क्रूर ठरतो, या आक्षेपाला ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात उत्तर आहे: फळ जीवाच्या कर्मानुसार मिळते.

परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेल्या मोक्षपटात, म्हणजे सापशिडीच्या जुन्या रूपात, शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे, पण सोंगटी चालते नशिबाने पडणाऱ्या दानावर. प्लॅटफॉर्मरमध्ये खेळणाऱ्याची कृतीच निर्णायक असते, म्हणून कर्मविचार इथे अधिक खरा उतरतो. मात्र खड्डा आधी दिसला पाहिजे. लपवलेला सापळा हा निव्वळ अन्याय.

खेळ रचणाऱ्या मुलाला शिक्षकाने मदत किती करावी, याचे उत्तर सोलापूरच्या मातीत आहे. बाराव्या शतकात इथे तलाव बांधून घेणारे सिद्धरामेश्वर शिवभक्तांच्या ज्या शरण परंपरेतले, तिच्या कायक विचारात स्वतःचे श्रम हीच पूजा. शिक्षकाने चूक दाखवावी, प्रश्न विचारावेत. कोड मात्र मुलानेच लिहावा आणि खेळ न्याय्य आहे का, हे तो दुसऱ्या मुलाला खेळायला देऊन तपासावे.