अंगठा कालचा, जीव आजचा



माय शुद्धीत होती तेव्हा म्हणाली होती, "तुला वळखंना झाले तर मला जगवू नको. नळ्या घालून तर नकोच नको." आज ती मला ओळखत नाही. पण दुधात भाकर कुस्करून दिली की हसते. मी कोणत्या मायचं ऐकू? त्या की ह्या?

नेदरलँड्समध्ये 2002 पासून दयामरणाचा कायदा आहे. आधी लिहून ठेवलेली विनंतीही तिथं चालते. 2016 साली स्मृती गेलेल्या 74 वर्षांच्या बाईला डॉक्टरनं तिच्या जुन्या कागदावरून मरण दिलं. आधी न सांगता कॉफीत गुंगीचं औषध घातलं. मधेच ती उठू लागली, तर घरच्यांनी धरून ठेवली. डॉक्टर निर्दोष ठरली. 2020 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. कॅनडातल्या क्वेबेकनं 30 ऑक्टोबर 2024 पासून अशी आगाऊ विनंती मान्य केली.

माझ्या आजानं सावकाराच्या कागदावर अंगठा दिला, आणि बाप राबून मेला. कागद जित्या माणसाहून मोठा कसा होतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. 25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी घटना समितीत जेफरसनचा दाखला दिला : एका पिढीनं पुढच्या पिढीला बांधून टाकू नये. मग कालच्या मायनं आजच्या मायला बांधावं काय?

पण दुसरी बाजू खोटी नाही. मायला जन्मात कुणी काही विचारलं नाही. लग्न दुसऱ्यांनी ठरवलं, काम दुसऱ्यांनी ठरवलं. एकदाच ती स्वतःच्या देहाबद्दल बोलली. तेही मी पुसून टाकलं, तर माझ्यात नि त्यांच्यात फरक काय?

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या करतो. देहावर काय करू नये हे तिनं सांगितलंय, ते पाळायचं. नळी घालायची नाही. आपल्याकडं सर्वोच्च न्यायालयानं 9 मार्च 2018 ला हा हक्क मानला. 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. मरणाचं इंजेक्शन मात्र इथं कायद्यात नाही. उद्या आलं, तर माझं म्हणणं एवढंच : जीव घ्यायला कालचा होकार पुरत नाही, आजचाही लागतो. हात मागं ओढणं हेही मत आहे.

कुणी म्हणेल, तिला समजतंय कुठं? नसेल समजत. पण मेलेला परत येत नाही. शंका असेल तर ती जित्याच्या पदरात टाकावी. यानं कुणाचे हाल लांबतील, हे ओझं मला मान्य आहे.

आणि खरं सांगू? तिचं हगणं-मुतणं काढून मी थकलोय. कधी कधी तिचे जुने शब्द मला फार सोयीचे वाटतात. तेव्हाच मला माझी भीती वाटते.

जय भीम.