चार वाटे आणि एक अक्षयनीवी

गृहस्थाने मिळकतीचे काय करावे, याचे बौद्ध परंपरेतील सर्वांत नेमके उत्तर दीघनिकायाच्या सिगालोवाद सुत्तात सापडते. राजगृहाजवळ सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगाल नावाच्या तरुणाला बुद्ध चार वाटे सांगतात: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यात, चौथा आपत्काळासाठी राखीव. म्हणजे बचतीला पाव हिस्सा आणि गुंतवणुकीला तिच्या दुप्पट. तृष्णात्यागाची शिकवण देणाऱ्याच्या तोंडी हा हिशेब अनपेक्षित वाटेल. पण तो भिक्षूसाठी नाही, संसारी माणसासाठी आहे.

राखीव वाट्याने वाढावे अशी अपेक्षा नाही, वेळेला हाताशी असावा एवढेच. तेही खात्रीचे नव्हे. निधिकंड सुत्तातला माणूस खोल खड्ड्यात धन पुरतो. ते जागचे हलते, जागा विसरते, नाग-यक्ष नेतात, नाहीतर नावडते वारस गुपचूप उकरतात. महागाईचा यक्ष या यादीत नाही. वर्षाला ६ टक्के महागाई धरली, तर पेटीतल्या १०० रुपयांची खरेदीची ताकद १२ वर्षांत निम्मी होते.

कामधंद्यात घातलेला पैसा बुडू शकतो. त्याहून अवघड प्रश्न म्हणजे तो कोणत्या कामाला लागतो. अंगुत्तरनिकायात शस्त्रे, सजीव, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाला वर्ज्य ठरवला आहे. साठवणाऱ्याने स्वतःची आसक्ती तपासली की पुरते. गुंतवणाऱ्याला मात्र आपल्या पैशाने दुसऱ्याच्या हातून काय घडते, तेही पाहावे लागते.

या दोहोंच्या मधली वाट नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील, म्हणजेच पांडवलेण्यांतील, १० क्रमांकाच्या लेण्यात कोरलेली आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघटनांकडे, ठेवली: २,००० दरमहा शेकडा एक दराने, १,००० शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण ठरवले आहेत; हिशेब तंतोतंत जुळतो. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला गेला आणि त्याची नोंदही झाली.

सोने-रुपे हाती घेण्यास विनयाची, म्हणजे भिक्षूंच्या नियमावलीची, मनाई असलेल्या संघाला ही व्यवस्था सोयीची होती. भांडवल मागावर राबे, धंद्याची जोखीम श्रेणीच्या माथी, संघाला ठरलेली रक्कम. श्रेणीला बरकत आली तरी संघाचा वाटा वाढणार नव्हता. आणि कापड महागले, तरी भिक्षूच्या वाट्याला १२ कार्षापणच येणार होते.