मदरसा की विद्यापीठ : निवड कोणाची?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत एकच वाद सुरू होतो. मुलीला शहरातल्या मोठ्या महाविद्यालयात आणि पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पाठवावे, की आलिमा कोर्ससाठी एखाद्या लहान दीनी जामियात घालावे? मुलांच्या बाबतीतही हा प्रश्न येतो, पण तिथे तो बहुधा पैशाचा असतो. मुलींच्या बाबतीत तो ईमान, अब्रू आणि लग्न या तिन्हींचा होऊन बसतो. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवत असल्याने पालक माझ्याकडेही सल्ला मागतात. मला मात्र सल्ल्याआधी हा प्रश्नच नीट मांडावासा वाटतो, कारण तो बहुतेकदा चुकीच्या तराजूवर तोलला जातो.

एका पारड्यात नोकरी आणि दुसऱ्या पारड्यात जन्नत, असा तो तराजू असतो. असे मांडल्यावर कोणता मुसलमान बाप नोकरीच्या बाजूने बोलेल? उलट आपल्यातले पुरोगामी म्हणवणारे या भीतीची टिंगल करतात, जणू मदरशांमुळेच सगळी कौम मागे राहिली. २००६ च्या सच्चर समितीने दाखवून दिले होते की शाळेच्या वयातील मुस्लिम मुलांपैकी जेमतेम तीन-चार टक्केच मदरशात जातात. बाकीची मुले कुठे गळाली, याचे उत्तर मदरशाच्या दारात सापडणार नाही. ज्या आईला आपली मुलगी परक्या वातावरणात नमाज विसरेल असे वाटते, तिची भीती मला खोटी वाटत नाही. ती जे वाचवू पाहते ते तिच्या घरातले सर्वांत मोलाचे आहे.

पण ते वाचते कशाने? भिंतीने?

या बाबतीत मौलाना आझादांचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. ज्यांच्या नावाने डॉ. रफिक झकेरिया यांनी १९६३ साली आपल्या शहरात महाविद्यालय काढले, ते आझाद स्वतः कोणत्याही शाळेत किंवा विद्यापीठात गेले नव्हते. वडील धर्मपंडित. त्यांच्या देखरेखीखाली जुन्या पद्धतीची दीनी तालीम घरातच झाली. बाहेरचा वारा लागू नये याची याहून जास्त काळजी कोणता जामिया घेऊ शकेल? तरीही शंकेने त्यांना ऐन तरुणपणी गाठले, ते त्याच घरात. वारशाने आलेल्या समजुतींना आपण आता बांधील नाही हे सांगण्यासाठीच ‘आझाद’ हे टोपणनाव घेतल्याचे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. पुढे तेच आझाद कुरआनचे भाष्यकार झाले आणि स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्रीही. शंका विद्यापीठातून घरात येते, हे म्हणणे निदान त्यांच्या आयुष्यावरून तरी सिद्ध होत नाही. ती विचार करणाऱ्या माणसाकडे येते. तेव्हा तिच्याशी बोलणारे कोणी जवळ आहे की नाही, हा खरा मुद्दा आहे.

आपल्याच शहरात दुसरेही एक उदाहरण आहे. १९५० साली बाबासाहेबांनी इथे महाविद्यालय काढले आणि त्याला पुढे नाव मिळाले ते मिलिंदाचे, म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारून भंडावून सोडणाऱ्या राजाचे. परिसराला नागसेनवन म्हणतात. धर्माच्या ग्रंथातून नाव घ्यायचे आणि ते प्रश्न विचारणाऱ्याचे घ्यायचे, यात बरेच काही आले. आपल्या लहान-मोठ्या दीनी संस्थांना मी याच कसोटीवर पाहते. तिथे विद्यार्थिनीला उस्तादांना ‘का?’ असे विचारता येते का? येत असेल तर त्या संस्थेला मी कमी लेखणार नाही. विद्यापीठातही नोट्स पाठ करून पदव्या घेतलेले शेकड्यांनी भेटतात. शिवाय लहान संस्थेत उस्ताद मुलीला नावाने ओळखतात, ती आजारी पडली तर विचारपूस होते. मोठ्या महाविद्यालयात वर्षभर गैरहजर राहिलेली मुलगी फक्त परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी आठवते. हिफ्जसारखी गोष्ट तर कोवळ्या वयातच होते. ती ‘नंतर बघू’ म्हणून ठेवता येत नाही.

मग दोन्ही सारखेच म्हणायचे का? नाही. फरक परतीच्या वाटेचा आहे. बी.ए. झालेली मुलगी संध्याकाळी तफसीर शिकू शकते. सात-आठ वर्षे आलिमा कोर्स केलेल्या मुलीची सनद मात्र बी.एड.च्या प्रवेशाला चालत नाही. उत्तर प्रदेशच्या मदरसा कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला. कायदा वैध ठरला, पण कामिल आणि फाजिल या वरच्या पदव्यांबाबतच्या तरतुदी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याशी विसंगत म्हणून रद्द झाल्या. वाटा अगदीच नाहीत असे नव्हे. अलीगढने २०१३ मध्ये मदरशातून आलेल्यांसाठी ब्रिज कोर्स सुरू केला. आपल्या महाराष्ट्रात अक्कलकुव्याला मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी मदरशाच्या जोडीला अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि युनानीची महाविद्यालये उभी केली, बदनापूरजवळ वैद्यकीय महाविद्यालयही. २०२५ च्या मे महिन्यात ते वारले. त्यांनी जे केले ते दहा जिल्ह्यांत झाले असते तर हा लेख लिहायची गरज पडली नसती.

यावर कोणी म्हणेल, की सगळी दारे उघडी ठेवत बसणारा माणूस कुठेच आत जात नाही. खरे आहे. दीनला वाहून घेणे म्हणजे काही दारे आपल्या हाताने लावणेच आहे आणि त्यात मोठेपण आहे. पण ते दार लावणारा हात कोणाचा, हे पाहावे लागेल. बावीस वर्षांच्या बाईने लावले तर तो तिचा त्याग. पंधरा वर्षांच्या मुलीसाठी बापाने लावले तर त्याग कोणाचा? आणि गरिबीने लावले, म्हणजे तिथे जेवण-राहणे फुकट म्हणून पाठवले, तर त्याला निवड म्हणूच नये. मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली तेव्हा संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींचे असेच एक दार लागले. त्यांना कोणी विचारले नव्हते. औलाद ही अल्लाहची अमानत आहे असे आपण उठता-बसता म्हणतो. अमानतीचा मालक आपण नसतो, एवढे तरी त्या शब्दात आहे.

गेल्या काही वर्षांत मी पालकांना एकच विनंती करते : मुलीला विचारा, आणि तुम्ही खोलीत नसताना मला विचारू द्या. एका हुशार मुलीला असे विचारले. गणितात तिला चांगले गुण होते. ती विद्यापीठाचे नाव घेईल अशी माझी अटकळ होती. ती म्हणाली, “मॅडम, मला आलिमाच करायचंय. कॉलेजात घातलं तर पहिलं स्थळ येईल तेव्हा काढतील. जामियात घातलं तर कोर्स पुरा होईपर्यंत लग्नाचं नाव कोणी काढणार नाही. दीनचं शिक्षण मधेच तोडायला अब्बा घाबरतात.”

मग जरा थांबून तिने विचारले, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा बी.ए.चा अभ्यास सोबत करता येतो का, आणि त्याची पुस्तके मराठीत असतात ना? मी हो म्हटले. तिने तिथेच वही काढून फीची रक्कम लिहून घेतली.