तीन रविवार आणि चौथी रेघ



आपली मुले संगणकावर खेळत बसली की आम्हा वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. परवा अशाच एका मुलाच्या पाठीमागे आम्ही उभे राहिलो. २००५ साली निघालेला ‘सायलेंट हंटर ३’ हा खेळ तो खेळत होता. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी खोल पाण्यात होती. बाहेरचे काही दिसत नव्हते. इंजिन थांबवून तो नुसता ऐकत होता.

त्याने आम्हाला समजावले. जहाजाच्या पंख्याचा आवाज ऐकून त्याची दिशा कळते, अंतर कळत नाही. आपणच ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकला तर अंतर कळते, पण मग आपणही शत्रूला सापडतो. म्हणून तो ठरावीक मिनिटांनी तीनदा दिशा टिपतो आणि नकाशावर तीन रेघा ओढतो. जहाज सरळ चालले असेल तर त्यावरून त्याचा रोख निघतो. तरीही ते जवळून सावकाश चालले आहे की दुरून वेगाने, हे उलगडत नाही. एका जागी बसून कितीही रेघा ओढल्या तरी उलगडत नाही. त्यासाठी पाणबुडीला स्वतःची जागा बदलावी लागते. नव्या जागेवरून ओढलेली चौथी रेघ जहाजाचे ठिकाण दाखवते.

हे ऐकून आम्ही मनातून ओशाळलो. मागे एक कुटुंब लागोपाठ तीन रविवार मिस्साला दिसले नाही. यांची श्रद्धा थंडावली, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले. पुढे त्यांच्या घरी गेलो, तर आजी अंथरुणाला खिळलेली आणि रात्रपाळी करून आलेला मुलगा तिच्या उशाशी बसलेला. ते चर्चमध्ये आले नव्हते, हे खरेच होते. आमचे चुकले ते अंतर. ज्यांना आम्ही देवापासून दूर समजलो, ते आमच्यापेक्षा त्याच्या जवळ होते.

मग दुसऱ्याविषयी मत बनवूच नये काय? आईवडिलांना, शिक्षकांना, धर्मगुरूंना ते बनवावेच लागते. परंतु पुरेशा आधाराशिवाय शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा मानणे हेदेखील पाप आहे, असे ख्रिस्तसभा शिकवते. संत इग्नेशियस लोयोला ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात सांगतात की, दुसऱ्याच्या बोलण्याचा होईल तितका चांगला अर्थ घ्यावा. तसा घेता येत नसेल तर त्यालाच विचारावे. विचारायचे म्हणजे आपल्या जागेवरून उठावे लागते.

आणखी एक गोष्ट. खेळातला तो मुलगा कान देऊन ऐकतो ते जहाज बुडवण्यासाठी. लग्नाच्या मांडवात, नाक्यावर आपणही पुष्कळदा कान टवकारतो. ते कशासाठी, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

परमेश्वर सर्वज्ञ आहे. आपले अंतर मोजण्यासाठी त्याला जागा सोडण्याची गरज नव्हती. तरीही तो मनुष्य होऊन आपल्यात राहिला. ज्याच्याविषयी आपल्या मनात तीन रेघा ओढून झाल्या आहेत, त्याच्या घरी या आठवड्यात जाऊ या.

– आपले धर्मगुरू