पडत्या काळाचे सोबती

५ मे १९९६. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात, मेन रोड मैदानावर, मँचेस्टर सिटी आणि लिव्हरपूल यांचा सामना २-२ असा बरोबरीत होता. हंगामाचा शेवटचा दिवस. प्रीमियर लीगमध्ये टिकायचे तर सिटीला आपल्या सामन्याइतकेच दुसऱ्या मैदानांवरच्या निकालांकडेही लक्ष ठेवावे लागणार होते. तिकडून चुकीची खबर आली, की बरोबरी पुरेशी आहे. झाले, सिटीचे खेळाडू चेंडू कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी नेऊन वेळ काढू लागले. आधीच बदली होऊन बाहेर गेलेला नायल क्विन धावत मैदानाच्या कडेला आला आणि जिवाच्या आकांताने सांगू लागला, की अजून एक गोल हवा आहे! पण उशीर झाला होता. जिंकण्याची गरज असताना वेळ मारून नेणारा हा संघ गोलफरकावर खालच्या श्रेणीत घसरला.

दोन वर्षांनी आणखी एक पायरी खाली. मे १९९८ मध्ये सिटीने शेवटच्या सामन्यात स्टोकला ५-२ असे झोडपले, पण इतर निकाल विरुद्ध गेले आणि क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच तिसऱ्या श्रेणीत उतरण्याची वेळ आली. त्या वर्षीच्या डिसेंबरात यॉर्कसारख्या छोट्या गावाच्या संघानेही त्यांना हरवले. शहराच्या दुसऱ्या अंगाला मँचेस्टर युनायटेड त्याच हंगामात लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग असे तिन्ही मुकुट मिळवायला निघाला होता. सिटीच्या चाहत्याला हे रोज सोसावे लागत होते. कारखान्यात शेजारच्या यंत्रावर युनायटेडवाला, शाळेत मुलाच्या बाकावर युनायटेडवाला.

अशा हंगामात मेन रोडवर किती माणसे यावीत? सामन्यामागे सरासरी २८ हजारांहून अधिक आली. प्रीमियर लीगमधल्या काही संघांच्या नशिबीही तेवढी गर्दी नव्हती. तिसऱ्या श्रेणीचा खेळ, डिसेंबरातली थंडी आणि हरण्याची पक्की सवय झालेला संघ, एवढ्यासाठी पदरचे पैसे मोडून येणारी ही माणसे. त्यांना काय म्हणावे?

कोल्हापूरकराला हा प्रश्न पडणारच नाही. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ हे संघ उतरतात तेव्हा त्यांच्यामागे पेठ उभी असते, तालीम असते. पेठेतल्या पोराला तुझा आवडता संघ कोणता, असे कोणी विचारत नाही. तो कोणत्या गल्लीत वाढला, तिथेच ते ठरलेले असते. संघ हरला म्हणून गल्ली बदलता येत नाही. मँचेस्टरच्या त्या २८ हजारांचेही तसेच होते. बापाने हात धरून ज्या स्टँडमध्ये नेले, त्या स्टँडचे ते होते.

पण ‘बापाने नेले’ एवढ्याने निष्ठेचे नैतिक मोल ठरत नाही. वारसा म्हणून तर वैरही मिळते, आणि पेठांच्या ईर्षेला हुल्लडबाजीचे गालबोट लागलेलेही कोल्हापूरने पाहिले आहे. शिवाय कोणी हिशेबी माणूस म्हणेल, की यात सद्गुण कसला, ही तर खोड आहे. इतकी वर्षे घातली, आता सोडायचे कसे, या हट्टापायी माणसे तोट्यातली दुकानेही चालवत राहतात. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. म्हणूनच हरण्याच्या त्या वर्षांत चाहत्याच्या आत नेमके काय घडते, हे पाहायला हवे.

पहिली गोष्ट, आपला संघ वाईट आहे हे त्याला ठाऊक असते. विजेत्या संघाचा चाहता नशिबाने मिळालेल्या गोलातही कौशल्य शोधतो. हरणाऱ्याच्या चाहत्याला अशी चैन परवडत नाही. बचावफळीत कुठे भोक आहे, कोणता खेळाडू पळायचा कंटाळा करतो, पैसा कुठे वाया गेला, हे त्याला तोंडपाठ असते. मेन रोडवरचा प्रेक्षक आपल्या संघाला जेवढ्या शिव्या घालायचा, तेवढ्या परक्यांनी कधी घातल्या नसतील. शिव्या घालून पुढच्या शनिवारी तो परत यायचा. प्रेम आणि पारख एकाच माणसात एकाच वेळी नांदू शकतात, हे घरातही फार थोड्यांना जमते.

दुसरी गोष्ट, तो स्वतःवर हसायला शिकतो. १९८०च्या दशकाच्या शेवटी, सिटी दुसऱ्या श्रेणीत चाचपडत असताना, तिच्या चाहत्यांनी हवा भरायची प्लॅस्टिकची केळी मैदानावर आणायला सुरुवात केली. कारण काही नाही, गंमत. बघता बघता स्टँडमध्ये शेकडो पिवळी केळी नाचू लागली. १९८८च्या नाताळात स्टोकच्या मैदानावर हे लोक सोंगे घेऊन, केळी हलवत गेले. संघ ३-१ असा हरला. फजिती होणारच असेल तर निदान ती आपल्या हाताने साजरी करू, असा हा खाक्या. ज्याला स्वतःच्या पराभवावर हसता येते, त्याला दुसऱ्याच्या पराभवावर खदखदा हसायची गरज सहसा पडत नाही.

तिसरी गोष्ट लाजेतल्या वाट्याची. रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९७६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला, की सोमवारी वर्गात विद्यापीठाच्या नावाचे, चिन्हाचे कपडे घालून येणाऱ्यांची संख्या वाढायची, असे त्यात दिसले. (तो फुटबॉल अमेरिकी, हातात चेंडू घेऊन पळण्याचा. माणसाचा स्वभाव मात्र सगळीकडचा.) यश आले की त्याला चिकटायला सगळेच धावतात. पराभवानंतरच्या सोमवारी तोच सदरा घालून कामावर जाणारा माणूस वेगळा. नामुष्कीत त्याचा काही दोष नसतो, तरी तो तिच्यातला आपला वाटा उचलतो.

मग आला ३० मे १९९९. युनायटेडने बार्सिलोनात भरपाई वेळेतल्या दोन गोलांवर युरोप जिंकून चार दिवस झाले होते. सिटी वेम्बलीवर होती, तिसऱ्या श्रेणीतून वर चढण्यासाठीच्या अंतिम सामन्यात, समोर गिलिंगहॅम. पाऊण लाखाहून अधिक प्रेक्षक. ८१व्या मिनिटाला गिलिंगहॅमचा गोल, ८७व्या मिनिटाला दुसरा. सिटीचे कितीतरी चाहते उठले आणि जिन्यांकडे निघाले. नव्वदाव्या मिनिटाला केव्हिन हॉर्लॉकने एक गोल फेडला. भरपाई वेळेच्या पाचव्या मिनिटाला पॉल डिकोव्हने दुसरा. पुढे पेनल्टींवर गोलरक्षक निकी वीव्हरने दोन फटके अडवले आणि सिटी ३-१ अशी जिंकली. बाहेर पडलेल्यांतले काही आरोळ्या ऐकून परत धावले, काही घराच्या वाटेला लागले होते.

उठून गेलेले ते लोक बेइमान ठरले का? मला तसे वाटत नाही. त्यांनी यॉर्ककडून झालेली हार पाहिली होती, लिव्हरपूलविरुद्ध वेळकाढूपणाही पाहिला होता. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांचा धीर सुटला, एवढेच. निष्ठा वर्षांवर मोजायची असते, मिनिटांवर नाही. माणूस अधूनमधून वैतागतो, दार आपटून निघून जातो, ‘पुन्हा तोंड बघणार नाही’ म्हणतो. दुसऱ्या दिवशी तो कुठे असतो, ते पाहायचे.

इथे एक सावधगिरीची रेघ ओढायला हवी. हरणाऱ्या संघाला न सोडणे ही गोष्ट ऐकायला इतकी गोड आहे, की तिचा दाखला भलतीकडे वापरला जाण्याची भीती असते. मारझोड करणाऱ्या नवऱ्याकडे बायकोने टिकून राहावे, पगार बुडवणाऱ्या मालकाकडे कामगाराने निमूट राबावे, यासाठी फुटबॉलच्या चाहत्याचे उदाहरण कोणी देऊ नये. चाहत्याचे जाते काय? तिकिटाचे पैसे, शनिवारची दुपार आणि थोडी रात्रीची झोप. जिथे माणसाचा जीव, शरीर किंवा आत्मसन्मान पणाला लागतो, तिथे टिकून राहणे हा सद्गुण राहत नाही आणि सोडून जाण्यात बेइमानी नसते.

आता गोष्टीचा दुसरा भाग. २००८ मध्ये अबू धाबीच्या राजघराण्यातल्या शेख मन्सूर यांच्या कंपनीने मँचेस्टर सिटी विकत घेतली. त्याआधीपासून युनायटेडच्या मैदानावर एक फलक लटकायचा. सिटीने शेवटचा मोठा करंडक जिंकून किती वर्षे झाली, याचा आकडा त्यावर दरवर्षी बदलला जाई. २०११ मध्ये आकडा ३५ वर असताना सिटीने एफए कप जिंकला आणि फलक उतरवावा लागला. १३ मे २०१२ रोजी क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध सर्जिओ अ‍ॅग्वेरोने भरपाई वेळेत गोल केला आणि ४४ वर्षांनी लीगचे विजेतेपद आले. २०२३ मध्ये तर युनायटेडसारखेच तिन्ही मुकुट. केळी नाचवणाऱ्या पिढीच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आले असेल, तर तो त्यांचा हक्क होता.

पण त्याच २०२३च्या फेब्रुवारीत प्रीमियर लीगने या क्लबवर आर्थिक नियम मोडल्याचे शंभराहून अधिक आरोप ठेवले. क्लबने ते सगळे नाकारले. खरेखोटे ठरवणे हे या स्तंभाचे काम नाही. मला कुतूहल चाहत्याचे वाटते. तिसऱ्या श्रेणीत असताना जो आपल्या क्लबचे सगळे दोष बोटांवर मोजून दाखवायचा, तो आता काय करतो? पैसा कुठून येतो, त्यामागे कोणत्या राजवटीला आपली प्रतिमा उजळ करून घ्यायची आहे, हे प्रश्न आले की अनेकांचे बोलणे पारखी चाहत्याचे न राहता वकिलाचे होते. आम्ही इतकी वर्षे सोसले, आता आमचा आनंद हिरावू नका, असा युक्तिवाद केला जातो. सोसल्याचे बिल असे वसूल होऊ लागले, की सोसण्याचे मोल तिथेच कमी होते.

म्हणून मला वाटते, हरणाऱ्या संघाशी निष्ठा राखणे कठीण असले तरी सरळ असते. त्यात मिळण्यासारखे काही नसते, त्यामुळे खोटे बोलण्याचे कारणही नसते. जिंकू लागल्यावर मात्र गप्प राहण्याची किंमत मिळू लागते. चाहत्याची खरी परीक्षा तेव्हा सुरू होते.

ही परीक्षा आपल्या ओळखीची आहे. पडत्या काळात पक्षाच्या सभेला सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता आठवा. अनामत जप्त होत असताना तो नेत्याला तोंडावर सुनावत असे. सत्ता आली, उगवत्या सूर्याला नमस्कार करणाऱ्यांची रीघ लागली, आणि तोच कार्यकर्ता महामंडळाच्या आशेने मुका झाला. सतरंज्या उचलल्याबद्दल त्याच्याविषयी वाटणारा आदर तेवढाच राहतो. पण त्याच्या निष्ठेतला सगळ्यात उपयोगी भाग, खरे सांगण्याची सवय, ती गेली.

मालकांच्या बाजूनेही पाहायला हवे, कारण निष्ठा बहुतेकदा एकतर्फी असते. मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने २०१९ मध्ये आपल्याकडच्या मुंबई सिटी एफसीत मोठा हिस्सा घेतला आणि पुढच्या काही वर्षांत मुंबईने इंडियन सुपर लीगचे (आयएसएल) करंडक पाहिले. त्याच २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडली आणि तिच्या जागी लीगमध्ये हैदराबाद आले. बालेवाडीच्या स्टँडमध्ये पाच हंगाम घसा फोडणाऱ्या पुणेकरांना हरायलासुद्धा संघ उरला नाही. लंडनच्या विम्बल्डनमधल्या चाहत्यांवर २००२ मध्ये असाच प्रसंग आला होता. त्यांचा क्लब उचलून मिल्टन कीन्सला नेण्याची परवानगी मालकांना मिळाली. चाहत्यांनी जुन्या क्लबच्या मागे जायचे नाकारले आणि स्वतःचा एएफसी विम्बल्डन उभा केला. खेळाडू निवडायला सार्वजनिक मैदानावर चाचणी घेतली, नवव्या श्रेणीपासून सुरुवात केली आणि २०११ मध्ये फुटबॉल लीगपर्यंत मजल मारली. आपली निष्ठा मालकाच्या कागदपत्रांशी आहे की आपल्या वस्तीशी आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी, हे त्यांनी एकदाच नीट ठरवून टाकले होते.

मँचेस्टरमध्येही सगळेच मुके झालेले नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये लेस्टरविरुद्धच्या सामन्यात सिटीच्या चाहत्यांपैकी काहींनी तिकिटांविषयीच्या धोरणाचा निषेध म्हणून पहिली काही मिनिटे आपल्या जागेवर जायचेच नाकारले. संघ जगातल्या श्रीमंतांत गणला जात असतानाही मालकाला प्रश्न विचारणारे ते लोक मला तिसऱ्या श्रेणीतल्या त्या २८ हजारांचे खरे वारस वाटतात.

कोणाच्या पडत्या काळात आपण सोबत राहिलो, ही अभिमानाची गोष्ट जरूर आहे. पण त्या अभिमानाबरोबर एक कामही गळ्यात पडते. ज्याच्याजवळ आपण अंधारात बसलो, त्याला उजेडात खरे ऐकवण्याचा अधिकार आपल्याइतका दुसऱ्या कोणाला नसतो. नव्याने आलेल्या गर्दीला जुने दोष ठाऊकच नसतात, आणि विरोधकांचे बोलणे कोणी मनावर घेत नाही. उरतो तो जुना सोबती. तोही गप्प बसला, तर त्या संघाला, त्या पक्षाला किंवा त्या मित्राला खरे सांगणारे कोणीच राहत नाही.