मिळून पाहण्याचा विवेक

मागे एका गावी सप्ताहात काल्याचे कीर्तन आटोपले. मंडळी पाया पडून पंगतीकडे वळली, तेव्हा एक लेकुरवाळी बाई मागे थांबून राहिली. एक पोर कडेवर, एक बोटाला. म्हणाली, "महाराज, रागावणार नसाल तर एक विचारते. रात्रीची जेवणं झाली की घरात सगळ्यांना मिळून बघता येईल असं एखादं कार्टून सांगाल का? पोरं त्यांचं त्यांचं बघतात, सासूबाई त्यांची मालिका लावतात, आम्ही दोघं आपापल्या मोबाईलात. एका छपराखाली राहतो, पण तोंडं सगळ्यांची वेगळ्या दिशेला." भोवतालचे चार जण हसले. आम्हीही हसलो आणि "बघू हं, माउली" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. कारण ह्याच बाबतीत आमच्या हातून एक चूक घडलेली होती, आणि ती त्या बाईपुढे बोलून दाखवण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. ती आज येथे सांगतो.

गोष्ट कार्तिकातली. आमचे चिरंजीव नोकरीच्या कामासाठी आठ दिवस परगावी गेले होते. सूनबाई स्वयंपाकघरात, आणि आम्ही संध्याकाळच्या कीर्तनाचे आख्यान जुळवीत बसलेलो. पाच वर्षांचा नातू सारखा येऊन पोथीची पाने ओढी. आम्ही त्याच्या हाती मोबाईल दिला, एका सिंहाच्या छाव्याच्या चित्रावर बोट ठेवले आणि म्हटले, "हे बघ, आणि गप्प बस." तो 'द लायन किंग' नावाचा १९९४ सालचा अमेरिकन कार्टूनपट होता. पोर अर्धा-पाऊण तास हूं की चूं न करता बसले. आमचे आख्यान जुळले. निघायची वेळ होताच आम्ही त्याच्या हातून मोबाईल काढून घेतला आणि टाळकऱ्यांबरोबर चालते झालो.

रात्री दोनच्या सुमारास पोर दचकून उठले आणि रडू लागले. आईने पोटाशी धरले, आजीने दृष्ट काढली, पण काही केल्या थांबेना. शेवटी हुंदके देत देत त्याने विचारले, "आबा, बाबा माझ्यामुळे गेले का हो?" आम्हाला काहीच उमगेना. कसे उमगावे? त्याने काय पाहिले, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते!

दुसऱ्या दिवशी त्याला मांडीवर घेऊन तेच चित्र पहिल्यापासून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. छाव्याचा बाप, राजा मुफासा, धावत्या जनावरांच्या लोंढ्यात पडून मरतो. त्याला मारलेले असते त्याच्या सख्ख्या भावाने, स्कारने. पण तो कपटी चुलता लेकराला सांगतो की बाप मेला तो तुझ्यामुळे. नेमक्या ह्याच ठिकाणी आम्ही मोबाईल काढून घेतला होता. शेवटी त्याच चुलत्याच्या तोंडून खरे बाहेर पडते आणि छाव्याच्या माथ्यावरचा आळ उतरतो. तो भाग पोराने पाहिलाच नव्हता. अर्धी कथा पोटात घेऊन ते निजले होते.

वाचकहो, आम्ही इतकी वर्षे कीर्तनात प्रल्हादाचे आख्यान लावतो. बापाने पोटच्या पोराला कड्यावरून लोटले हे सांगतो, नरसिंहाने हिरण्यकशिपूचे पोट फाडले हेही सांगतो. समोर लेकुरवाळ्या बसलेल्या असतात, आणि पोरे ऐकून निवांत घरी जातात. असे का होते? एक तर पोर आईच्या मांडीवर असते. दुसरे म्हणजे, प्रल्हादाला खांबापाशी उभा ठेवून आम्ही चालू लागत नाही. आख्यान मंगलापर्यंत नेल्यावाचून वक्त्याने उठू नये, असा आमच्या गुरुजींचा दंडक. तो आम्ही सभेत पाळला आणि घरात मोडला. म्हणजे दोष त्या चित्राचा नव्हता, आमचाच होता.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. चित्र चांगले की वाईट, एवढाच विचार आपण करतो. पण चित्र चांगले असूनही पाहणे वाईट होऊ शकते. म्हणून विवेक दोन ठिकाणी हवा, काय पाहावे ह्यात आणि कोणी कोणाजवळ बसून पाहावे ह्यात.

आता कोणी म्हणेल, "महाराज, कार्टून हा पोरांचा खेळ, त्यात शास्त्र कशाला?" तर नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात भरतमुनी सांगतात की इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे गेले आणि डोळ्यांनी पाहता येईल, कानांनी ऐकता येईल असे एक खेळणे त्यांनी मागितले. शब्द 'क्रीडनीयक' असाच आहे, क्रीडनीयक म्हणजे खेळणे! आणि मागणे असे, की ते सर्व वर्णांना, सर्वांना मिळून घेता यावे. त्यातून नाट्य हा पाचवा वेद झाला. म्हणजे खेळणे हलके नव्हे, आणि 'सर्वांनी मिळून' ही अट आजची नव्हे. आमच्या नाथांनीही भारुडे रचली ती हसवता हसवता शहाणे करण्यासाठीच. तेव्हा करमणूक म्हटली की नाक मुरडण्याचे कारण नाही.

मग सर्वांनी मिळून पाहण्याजोगे ते कोणते? आमच्या अल्पमतीप्रमाणे कसोट्या दोन. घरातल्या सर्वांत लहानाला भय वाटू नये, आणि वाटलेच तर ते कथेतच शमावे, ही पहिली. घरातल्या सर्वांत थोराला ते पोकळ वाटू नये, ही दुसरी. पायी वारीत दिंडीची चाल तरण्या गड्याच्या पायाने ठरत नाही, म्हातारी आणि पोर ह्यांच्या पायाने ठरते. तसेच हे.

थोरांच्या कंटाळ्याचे मात्र दोन प्रकार आहेत, ते ओळखावेत. चित्रात नुसता गोंगाट आणि झगमगाट असतो, त्याने शहाणा माणूस कंटाळतो. तो कंटाळा खरा, त्याचे ऐकावे. दुसरा कंटाळा "मी एवढा मोठा, पोरांचे काय बघू?" ह्या अहंकाराचा. तो सोडावा.

उदाहरणे देतो. 'ब्लुई' नावाची ऑस्ट्रेलियातली मालिका २०१८ साली सुरू झाली. एकेक भाग जेमतेम सात मिनिटांचा. त्यात एक कुत्र्यांचे कुटुंब आहे, आई, बाप आणि दोन लेकी. कुत्र्यांची गोष्ट म्हणून हसू नका. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवरायांचे आपण लेकरू! ह्या मालिकेत बाप दमलेला असतो तरी लेकींच्या खेळात ओढला जातो, आई कधी वैतागते, मग समजून घेते. पोरे खेळ पाहून हसतात आणि आईबाप स्वतःला पाहून हसतात. एकाच चित्रात दोघांना दोन वाटे मिळतात.

जपानचे हायाओ मियाझाकी ह्यांचा 'माय नेबर टोटोरो' हा १९८८ सालचा चित्रपट. आई दवाखान्यात आहे, बाप दोन लेकींना घेऊन खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतो, आणि रानातला एक भलामोठा केसाळ जीव त्या पोरींचा सखा होतो. ह्यात दुष्ट असा कोणीच नाही, तरी कथा धरून ठेवते. धाकटी हरवते तेव्हा सारा गाव शोधायला निघतो. शेजारची म्हातारी पाहून आमच्या घरच्या आजी म्हणाल्या, "ही तर आपल्याकडचीच!"

आपल्या देशातलेही आहे. 'एक अनेक और एकता' हा फिल्म्स डिव्हिजनचा १९७४ सालचा छोटा चित्रपट विजया मुळे ह्यांनी केला. जाळ्यात सापडलेले पक्षी एकजुटीने जाळ्यासकट उडतात आणि उंदीर ते जाळे कुरतडतात, ही आपली जुनीच कथा. पूर्वी दूरदर्शनवर ती पाहिलेले आईबाप आज पोरांबरोबर ती पाहताना स्वतः पोर होतात. तसेच जपानचे युगो साको आणि आपले राम मोहन ह्यांनी मिळून केलेला कार्टून रामायणपट. तो २०२५ च्या जानेवारीत पुन्हा चित्रगृहांत लागला होता. ह्यात युद्ध बरेच आहे, अगदी लहान पोर भ्यायचे. पण कथा आजीला पाठ असते. "आता काय होईल?" असे पोर विचारते आणि आजी सांगते. असे झाले की ते नुसते पाहणे राहत नाही, श्रवण होते.

'टॉम अँड जेरी' १९४० पासूनचे. त्यात बोलणे जवळजवळ नाही, म्हणून भाषेची अडचण नाही. पण मारामारी पुष्कळ. तीन वर्षांचे पोर ती खरी मानून धाकट्याच्या डोक्यात लाटणे घालील. कोणी जवळ बसून "हे खोटं हं, खरं लागलं असतं तर बोक्याला केवढं दुखलं असतं!" एवढे म्हटले की पुरे.

भाषेचे एक सांगून ठेवतो. चित्र इंग्रजीत असले आणि आजीला ते कळत नसले, तर पोराला सांगावे, "आजीला समजावून सांग." पोर वक्ता, आजी श्रोती! ज्याला समजावून सांगता येते त्यालाच ते समजलेले असते, हे आम्ही पाठशाळेत शिकलो.

कोणी म्हणेल, सरकारने खूण घालून दिलीच आहे, ती पाहिली की झाले. खरे आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे अशा चित्रांवर वयाची खूण लागते: सर्वांसाठी 'यू', मग 'यू/ए ७+', '१३+', '१६+', आणि प्रौढांसाठी 'ए'. ती जरूर पाहावी, कुलूप लावण्याची सोय असते ती लावावी. पण '७+' ह्या खुणेचा पुरा अर्थ किती जण वाचतात? सातच्या आतल्या पोराने वडीलधाऱ्यांच्या मार्गदर्शनाने पाहावे, असा तो आहे. म्हणजे खूणही हेच सांगते की जवळ बसा. शिवाय, ह्या आठवड्यात पोराचा बाप परगावी आहे की आई दवाखान्यात आहे, हे त्या खुणेला काय ठाऊक? ज्या घरची आई दवाखान्यात आहे त्या घरी 'टोटोरो' लावावा की नाही, हे त्या घरच्याच माणसाने ठरवायचे. ते दुसऱ्या कोणाला ठरवता येणार नाही.

सर्वांत अवघड आक्षेप आयांचा आहे. "जवळ बसायला वेळ कुठला? चार भाकऱ्या थापेपर्यंत पोर गप्प राहावं म्हणून तर मोबाईल देतो." ह्या आयांना दोष देण्याचे तोंड आम्हाला नाही. आम्ही तर भाकरीही थापत नव्हतो! म्हणून एक सोपा नेम सांगतो: नवे ते मिळून पाहावे, आणि एकट्याला द्यायचे ते मिळून पाहिलेलेच द्यावे. पोरांना तेच ते पुन्हा पाहण्याचा कंटाळा नसतो. आपण पाहिलेले असले म्हणजे आपण स्वयंपाकघरात असलो तरी अर्धे त्याच्याजवळ बसलेलो असतो. रात्री दचकून उठले तर कशाने, ते आपल्याला ठाऊक असते.

वेळेचेही भान हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की दोन वर्षांच्या आतल्या बालकांना हे पडद्यापुढे बसवणे नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्यांना दिवसाकाठी तासाहून जास्त नको. कमी तितके चांगले. अडचण अशी, की कीर्तनाला आरती असते, ह्या पेटीला आरती नाही. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. ते 'आपोआप' बंद करण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते, ती शोधून काढावी. आणि आपली आरती आपण करावी. चित्र संपले की पडदा विझवून दोन घटका बसावे, "तुला कोण आवडलं? भीती कुठं वाटली?" असे विचारावे. भय बोलून गेले की निम्मे उरते. आणि अर्धी कथा तोडू नये. उठायचेच असेल, तर "पुढे सगळं नीट होतं हं" एवढे सांगून मग उठावे.

श्रेय आणि प्रेय ह्यांचा भेद उपनिषदाने सांगितला. गोड ते वेगळे, हिताचे ते वेगळे. पण आईने भरवलेला गूळभाताचा घास गोडही असतो आणि हिताचाही. घास तोच, पण भरवणारा हात असतो म्हणून त्याचे श्रेय होते. आम्ही त्या दिवशी पोरापुढे ताट सरकवून दिले आणि उठून गेलो.

त्या बाईचे गाव आमच्या ध्यानात आहे. पुढच्या वर्षी सप्ताहाला जाऊ तेव्हा तिला ही चार नावे सांगू, आणि नावांच्या आधी ही चूकही सांगू. असो. विस्तार झाला, माउलींनी सांभाळून घ्यावे.

रामकृष्णहरी.