योसेफाची कोठारं

आमच्या मंडळीतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना मी रविवारी उपासनेनंतर पैशाचा व्यवहार शिकवते. माझी नोकरी पोस्टाच्या काउंटरवर झाली, त्यामुळे पासबुक कसं वाचायचं, फॉर्म कसा भरायचा, हे सांगायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो मुलांच्या एका प्रश्नाला. येशूने उद्याची चिंता करू नका म्हणून सांगितलं, मग आरडी कशाला काढायची?

प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पाखरं कोठारात काही साठवत नाहीत तरी देव त्यांना पोसतो, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. लूकच्या बाराव्यात जुनी कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेल्या धनवानाला देव मूर्ख ठरवतो. आणि उत्पत्तीत सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवणारा योसेफ शहाणा ठरतो. दोघांनी धान्यच साठवलं. मी मुलांना धनवानाचं बोलणं पुन्हा वाचायला लावते. त्यात शेजारी नाही, गडीमाणूस नाही, भुकेलं पोर नाही. तो बोलतो ते स्वतःच्याच जिवाशी. योसेफाला मात्र येणारा दुष्काळ दिसत होता आणि त्यात उपाशी मरणारी माणसंही. तरतूद करणारा माणूस अविश्वासी नसतो, हे मी इथून पटवते.

पण एका मुलीने उत्पत्तीचा सत्तेचाळिसावा अध्याय काढून माझ्यापुढे धरला. दुष्काळ लांबला तसे याच योसेफाने धान्याच्या बदल्यात लोकांचे पैसे घेतले, मग गुरं, मग जमिनी, आणि शेवटी माणसंच मिसराच्या राजाची, फारोची, दास झाली. "टीचर, हा तर सावकारच झाला की!" मला तिचं म्हणणं पटतं. नियमशास्त्रात गरिबाकडून व्याज घेऊ नका, सातव्या वर्षी कर्ज सोडून द्या, शेताच्या कडेचं पीक कापू नका, अशा आज्ञा आहेत. त्या मिसराची गुलामी भोगून बाहेर पडलेल्या लोकांना दिलेल्या आहेत. पुढे बवाजाच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेली कणसं, वेचून रूथने सासूला जगवलं, ते याच आज्ञांच्या आधाराने.

म्हणून कर्जाचं गणित मी फळ्यावर शेवटपर्यंत सोडवून घेते. क्रेडिट कार्डावर २०,००० रुपयांचा मोबाइल घेतला, महिना ३.५ टक्के व्याज लागलं आणि वर्षभर काहीच भरलं नाही, तर दंड आणि कर न धरताही आकडा ३०,००० च्या वर जातो. शेजारी पोस्टाची आरडी मांडते. दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल स्वतःच्या नावाने खातं चालवू शकतं. महिना १०० रुपयांप्रमाणे पाच वर्षांत ६,००० भरले, तर ६.७ टक्के दराने ७,१०० च्या थोडे वर मिळतात. मुलं दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतात. त्यांच्या वहीत दशांश, म्हणजे देवाला द्यायचा मिळकतीचा दहावा हिस्सा, आणि आरडी यांच्याखाली आणखी एक ओळ असते, तिला त्यांनी 'सरवा' नाव दिलंय. वर्गातल्या एखाद्याची परीक्षा फी अडली की त्यातून भरायची.

दशांशाचा प्रश्न मात्र नाजूक आहे. एक मुलगा लग्नसराईत वाढप्याचं काम करतो. घरी आईच्या बचत गटाच्या कर्जाचा हप्ता थकलेला. दशांश आधी की हप्ता? आमच्यातली वडीलधारी मंडळी दशांश म्हणतात. त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे, पण मी मुलाला हप्ता आधी भरायला सांगितलं. देवाला अर्पण केलं म्हणून आईबापांना द्यायचं टाळणाऱ्यांवर येशू किती संतापला, ते मार्कच्या सातव्या अध्यायात आहे. आणि हा हप्ता चुकला, तर तो गटातल्या बाकीच्या बायकांना पदरमोड करून भरावा लागतो.